दोरीचं दुसरं टोक

प्लाउंका, ९ जून

प्रिय बार्ला,

तुझे एप्रिलचे पत्र मिळाले होते. उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखे फारसे नव्हते, आणि जे होते ते तुझी धाकटी बहीण गेल्यापासून तुलाही ठाऊकच आहे.

आज एक काम आहे म्हणून लिहितो. ओन्नाची राख अजून स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. तिची इच्छा तुला माहीत आहे. रिमोटवर उडणाऱ्या माझ्या मोठ्या, बिनइंजिनाच्या ग्लायडरच्या पोटात ठेवून ती वर न्यायची आणि गुरांच्या वरच्या कुरणावर मोकळी करायची. आपल्याकडे त्यासाठी कुणाला विचारावे लागत नाही. पण इस्पितळात तिने एक अट घातली होती. "वर मीच नेणार. दुसऱ्या कुणाच्या विमानाला दोरी बांधलीस तर बघ." ती हसत होती. मी हो म्हटले.

म्हणजे तिच्याच पिवळ्या विमानाने माझे ग्लायडर ओढायचे. ते उडवायला तुमाश तयार झाला. आमच्या क्लबचा अध्यक्ष, डेअरीतला, आमच्या लग्नात टेबलावर चढून नाचला होता तो. राख नेण्याआधी एक रिकामी फेरी करून पाहू, असे ठरले. ती रविवारी केली.

पिवळ्या विमानाच्या पाठीवर, पंखांच्या मागे, दोरी सोडायची कळ आहे. ती तूच बनवून दिली होतीस: पितळेचा ठोकळा, त्यात खाच, खाचेतून आरपार जाणारी पोलादी पिन. छोटी मोटर पिन मागे ओढते आणि दोरीचा फास सुटतो. तशीच एक कळ माझ्या ग्लायडरच्या नाकात आहे. तिच्या कळीचे बटण तिच्या रिमोटवर, माझ्या कळीचे माझ्या.

उड्डाण चांगले सुरू झाले. तुमाश माझ्या शेजारी उभा होता. लार्चच्या झाडांवर डावे वळण घेताना दोरी तिच्या विमानापासून सुटली. वरचे कुरण तिथून पुष्कळ पुढे आहे. मी म्हटले, "इतक्यात का सोडलेस?" तो म्हणाला, "कुणी सोडलं? हा बघ माझा अंगठा. बटणाच्या वाटेलासुद्धा गेला नाही." माझे ग्लायडर नाकाला दोरी लोंबकळत खाली आले. कशात अडकले नाही, हे नशीब.

त्या जागी ओन्ना नेहमी दोरी सोडायची. हे मी फक्त नोंद म्हणून लिहितो.

तुझ्या मते काय बिघडले असावे? गुरे सप्टेंबरात खाली येतात. त्याआधी हे काम व्हावे असे मला वाटते.

तुझा
गिऑन

*

ला कोम्ब, १५ जून

गिऑन,

जन्मभर धरणाच्या भिंतीची मापं घेतलीस, भिंत केसाएवढी सरकली तर तुला कळायचं, आणि आता एका पिनेवरून मला असलं पत्र लिहितोस! "फक्त नोंद म्हणून" म्हणे. मी तुला ओळखत नाही का?

नीट ऐक. कळ आपोआप उघडण्याची कारणं मोजकीच असतात. पिनेला ढकलणारी तार वाकली असेल, मग वळणात विमानाचं अंग पिळलं की ती पिनेला मागे खेचते. किंवा मोटरची वायर इंजिनाच्या ठिणगीच्या वायरीला चिकटून गेली असेल, मग मोटर नाचते. किंवा रिमोटचा सिग्नल तुटला तर मोटरनं काय करायचं ते ओन्नानं "उघड" असं लावून ठेवलं असेल, आणि त्या झाडांवर सिग्नल तुटत असेल. शेवटचं कारण, तुमाश. तो माणूस जन्मात कधी अंगठा जागेवर ठेवून बसलेला नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात कुणाकुणाच्या ताटात त्याचा अंगठा गेला होता ते मला आठवतंय.

एकेक करून बघ. आणि जमिनीवर दोरीला ताण देऊन कळ उघडून-मिटून बघ. ताण न देता घेतलेली चाचणी म्हणजे रिकाम्या बादलीनं आड मोजणं.

जेवतोस का? सातूचं सूप तरी करून ठेवत जा. इथल्या बायका मला अजून "ती डोंगरातली" म्हणतात. एवढी वर्षं राहून हे ऐकायचं. असो.

बार्ला

*

प्लाउंका, २९ जून

प्रिय बार्ला,

सांगितलेस ते सगळे केले. तार सरळ आहे, तरी नवी घातली. मोटरची वायर इंजिनापासून दूर, विमानाच्या दुसऱ्या अंगाने नेली. सिग्नल तुटला तर कळ बंद राहावी, असेच ओन्नाने लावलेले होते. बॅटरी नवी. माशांचा वजनकाटा दोरीला लावून मी ताण दिला, तुमाशने बटण दाबले. उघडली. बटण न दाबता मी दुप्पट ताण दिला. पिन जागची हलली नाही.

मग उड्डाण केले. या वेळी तुमाशने बटणावर चिकटपट्टी लावली. म्हणाला, "आता तुझ्या मेहुणीला लिही, तुमाशचा अंगठा निर्दोष सुटला."

लार्चवरच्या डाव्या वळणात दोरी पुन्हा सुटली. चिकटपट्टी तशीच होती.

आणखी एक सांगतो. सुटण्याच्या थोडे आधी ग्लायडर हातात हलके होते. तुला उडवण्याची सवय नाही, म्हणून उदाहरण देतो. शेजारी चालणारे माणूस बोलण्याआधी श्वास घेते आणि आपल्याला कळते की आता ते बोलणार, तसे. ओन्ना सोडायची तेव्हाही मला ते आधी कळायचे. तिच्याकडे पाहावे लागत नसे.

ठोकळा, पिन आणि मोटर काढून सोबत पाठवत आहे. तुझ्या टेबलावर तपासून पाहा. तुमाश म्हणतो, कारण सापडले नाही तर क्लबचा अध्यक्ष म्हणून त्याला हे विमान जमिनीवर बसवावे लागेल. त्याचे बरोबर आहे. मैदानाच्या कडेने लोक फिरायला येतात.

सूप केले होते. जास्त झाले.

तुझा
गिऑन

*

ला कोम्ब, १२ जुलै

गिऑन,

ठोकळा तपासला. दोष नाही. पिन सरळ आहे, भोक गोल आहे, मोटर चांगली आहे. तरी नवी पिन करून घातली आहे. परत पाठवते.

एक विचारायचं आहे. तुमच्या नियमात पहिल्यांदा दोरी कुणी सोडायची असते? मागच्यानं की पुढच्यानं?

बार्ला

*

प्लाउंका, २० जुलै

प्रिय बार्ला,

पार्सल मिळाले. तुझे इतके छोटे पत्र मला याआधी कधी आले नाही. तब्येत बरी आहे ना?

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. नियम असा की मागच्याने सोडायचे. ग्लायडरवाला आपल्या नाकातली कळ उघडतो, "सुटलो" म्हणतो, मग पुढचे विमान दोरी घेऊन खाली येते. पुढच्याची कळ फक्त संकटासाठी, आणि उतरण्याआधी दोरी गवतात टाकण्यासाठी.

आमच्यात तसे नव्हते. ओन्नाच सोडायची. पहिल्या उन्हाळ्यात एकदा मी चुकीच्या क्षणी सोडले आणि ग्लायडर झाडात गेले. ती म्हणाली, "राहू दे, तुला वर न्यायचं कळतं मला, तर सोडायचं पण कळेल." तेव्हापासून मी कधी बटण दाबले नाही. लोंबकळणारी दोरी ओढत मी खाली यायचो आणि क्लबातले सगळे आम्हाला हसायचे. तुमाश म्हणायचा, "बघा, बायको पुढं, दावं मागं." इतकी वर्षे झाली. मला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

तुझा प्रश्न मनात राहिला होता, म्हणून काल मी गॅरेजमध्ये गेलो आणि माझ्या ग्लायडरच्या नाकातली कळ तपासली. रिकामी असताना पिन सरकते. दोरीला ताण दिला की सरकत नाही. मोटर नुसती कण्हते. आतली नळी गंजून पिनेला धरून बसली आहे. म्हणजे दाबले असते तरी मी सुटलो नसतो.

हे कळण्याआधीच, तुझी पिन बसवून, तिसरी फेरी झाली होती. ती सांगायची राहिली. दोरी तिथेच सुटली. या वेळी ती माझ्या ग्लायडरखाली लोंबत कुंपणाच्या तारेत अडकली. ग्लायडर गर्रकन फिरले आणि डाव्या पंखावर आपटले. पंख दुरुस्त होईल. पण तिथून एक बाई कुत्रा घेऊन नुकतीच पुढे गेली होती.

तुमाशने ग्लायडर उचलून आणले. मग म्हणाला, "तुझ्या बायकोला सांग, बाई, आता तरी दुसऱ्याच्या हातात काही दे." आणि लगेच टोपी काढून माफी मागायला लागला. मी म्हटले, तिला हे आवडले असते. तिला खरेच आवडले असते. पण त्याने विमान बंद केले आहे. माझ्या नाकातली कळ नीट करून दाखवली तर एकच फेरी देईन म्हणतो, कारण मग पुढे काहीही झाले तरी मी दोरी टाकून मोकळा उतरू शकेन.

तुझ्याकडे काही घडले का?

गिऑन

*

ला कोम्ब, ३ ऑगस्ट

गिऑन,

विचारलंस म्हणून सांगते. सांगणार नव्हते. तू तिथं एकटा, त्यात मी आणखी कशाला भर घालू, असं वाटलं.

तुझा ठोकळा मी टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळून धरला, खाचेत फास घातला आणि फासाला पिशवीत भरलेली वजनं टांगली. मोटरला बॅटरी लावलेलीच नव्हती. वायर टेबलावर मोकळी पडली होती. नुसतं बघायचं होतं, ताणाखाली पिन हळूहळू सरकते का. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. मी खिडकीशी कॉफी ओतत होते. बोलत होते. एकटीच असते, बोलायची सवय आहे मला. ओन्नाला म्हणत होते, "अगं, त्याला एकदा वर जाऊ दे ना. तुझ्याचसाठी चाललंय."

मागं वजनं जमिनीवर पडली.

पिन पूर्ण मागं गेली होती, गिऑन. मोटर बंद असली की तिचे दाते अडकून बसतात, तुला माहीत आहे. मी बोटांनी ढकलून बघितलं, पक्कड लावून बघितलं. हलली नाही. शेवटी बॅटरी लावली तेव्हा कुठं पुढं आली.

मी खुर्चीत बसले. घाबरले का? हो, घाबरले. माझीच बहीण असली तरी घाबरले. कॉफी तशीच गार झाली. पुन्हा फास टांगला, पुन्हा तेच बोलले, मुद्दाम. काही झालं नाही. मग तुला "दोष नाही" असं लिहिलं. खोटं नव्हतं ते. पितळेत दोष नव्हता.

म्हणून तुला तो प्रश्न विचारला. लहानपणी शाळेला जाताना मी तिचा हात धरायचे. पुलावरून वारा असायचा. पूल संपला की ती हात हिसडून पुढं पळायची. मी ओरडायचे. ती म्हणायची, "पूल संपला ना!" तिला धरून ठेवलेलं कधी सोसलं नाही.

सोबत तुझ्या नाकासाठी नवी कळ पाठवते आहे. ती अशी बसव. जुनी नळी पूर्ण काप, गंजाचा कणही ठेवू नकोस. नाकाच्या आत प्लायवुडची चकती चिकटव, तिच्यात ठोकळा, आणि गोंद सुकायला पूर्ण दिवस दे, घाई नको. पिनेची दोन्ही टोकं मी गोल घासली आहेत, त्यांना कानस लावू नकोस. मोटरचा हात आखूड ठेव. लांब हातानं पिन जास्त सरकते पण जोर निम्मा होतो, आणि तुला जोर लागणार आहे. तार सरळ रेषेत, एकही वाक नको. नवा ठोकळा जड आहे, तेव्हा नाकात वजनासाठी भरलेलं शिसं तेवढं कमी कर. मग काटा लावून ताण दे, आणि ताणाखाली उघड. एकदा नाही, कंटाळा येईपर्यंत.

बटण मात्र तुला दाबावं लागेल. ते मी पार्सलमध्ये घालू शकत नाही.

मला नंतर फक्त एवढंच कळव, सोडलंस का.

बार्ला

*

प्लाउंका, ७ सप्टेंबर

प्रिय बार्ला,

काल झाले. जसे झाले तसे लिहितो.

कळ तू सांगितलीस तशी बसवली. गोंद सुकायला दोन दिवस दिले. काट्यावर ताण देऊन इतक्या वेळा उघडली की तुमाश म्हणाला, "पुरे, दोरी म्हातारी झाली." पंखही दुरुस्त झाला आहे. राख पातळ कागदाच्या पिशवीत घालून ग्लायडरच्या पोटातल्या कप्प्यात ठेवली. कप्प्याचे दार रिमोटवरच्या वेगळ्या बटणाने उघडते. वारा नव्हता. वरच्या कुरणावर गुरे होती. त्यांच्या घंटा मैदानापर्यंत ऐकू येत होत्या. गुरे उद्या खाली येणार.

तुमाश नवा शर्ट घालून आला होता. रोजच्यासारखे बोलला नाही. म्हणाला, "लार्च पार झाले तर कुरणावर नेतो. नाही झाले तर तू तुझी कळ उघड, दोरी टाक आणि उतर. दुसरं काही करायचं नाही, गिऑन." मी कबूल केले.

लार्चवर डावे वळण घेताना ग्लायडर हलके झाले आणि तिच्या विमानाची कळ उघडली. मी ते स्पष्ट पाहिले. पिवळे विमान एकदम मोकळे झाले, वर उसळले आणि बाजूला वळले. तुमाश शिवी हासडून म्हणाला, "सुटलं! टाक दोरी!" पिवळ्या विमानात इंधन कमी होते, म्हणून तो ते उतरवायला मैदानाच्या त्या टोकाला धावत गेला.

दोरी पडली नाही.

मी हे धरणावर अहवाल लिहीत असे तसेच लिहितो आहे. दोरीच्या पुढच्या टोकाला नारिंगी फीत असते, म्हणून ती लांबून दिसते. फीत माझ्या ग्लायडरच्या पुढे होती, थोडी वर, नेहमी विमान असते त्या जागी. मध्ये दोरी ताठ होती. फितीच्या पुढे काही नव्हते. आणि ग्लायडर चढत होते. मी त्याला इंजिन नसलेल्या यंत्रासारखे धरून होतो, नाक खाली जाईल याची वाट पाहत. नाक खाली गेले नाही. फीत डावीकडे गेली, ग्लायडर तिच्यामागे डावीकडे गेले. मग ती उजवीकडे वळून उताराच्या कडेने वर निघाली. वळण घेण्याआधी ओन्ना जशी थोडी थांबायची, तशीच थांबून.

घंटा बंद झाल्या. गुरे मान वर करून उभी असावीत. मला तेवढे नीट दिसत नव्हते.

कुरण आले. ग्लायडर त्याच्या मधोमध, मी ठरवले होते त्याहून उंच होते. आता सोडायला हवे होते, आणि मी सोडले नाही. अंगठा बटणावर होता. मी असे का केले ते तुला सांगायला नको. दोरी ताठ होती, बार्ला. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोरी ताठ होती. मला वाटले, आणखी एक फेरी होऊ दे. ती झाली. मग आणखी एक. कुरणावर गोल गोल, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा हळू. फीत थोडी थोडी खाली यायला लागली होती. तरी मी बटण दाबले नाही.

तेव्हा माझ्या शेजारून कुणी तरी म्हणाले, "सोड आता, गिऑन. केव्हाचं सोडलंय मी तुला."

मला वाटले तुमाश परत आला. पाहिले तर तो मैदानाच्या त्या टोकाला, विमान गवतात ठेवून, टोपी हातात घेऊन वर बघत उभा होता. तिथून हाक मारायची तर ओरडावे लागते. हे कुणी ओरडून म्हटलेले नव्हते.

मी बटण दाबले. तुझी पिन एका झटक्यात मागे गेली असावी, कारण ग्लायडरने नाक खाली घातले, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. दोरी मात्र खाली पडली नाही. ती फितीमागून सरळ वर गेली. कुठपर्यंत ते मी पाहिले नाही, कारण मला कप्पा उघडायचा होता. तो उघडला. राख करड्या रंगाची दिसली, मग दिसली नाही. घंटा पुन्हा सुरू झाल्या.

ग्लायडर मी मोकळे उतरवले. तुमाश आला. आम्ही दोघे दोरी शोधायला कुरणावर चढलो. गुराख्यालाही विचारले. त्याने काही पडताना पाहिले नाही. खाली येताना तुमाश म्हणाला, "शेवटी दाबलंस तर. मी तिथून मनात म्हणत होतो, हा काय सोडत नाही." मी विचारले, मनातच म्हणालास? तो म्हणाला, "मनातच. इतक्या लांबून तुला कुठं ऐकू आलं असतं?" त्याच्या बायकोने अक्रोड भरलेली गोड तुर्ता भाजून पाठवली होती. ती आम्ही गाडीच्या टपावर ठेवून खाल्ली.

तू विचारलेस, सोडलेस का. सोडले.

पण तू आणखी एक विचारशील, म्हणून तेही लिहितो. तिने म्हटले म्हणून मी सोडले असे नाही. तिने याआधीही तीनदा सांगून पाहिले होते, आणि मी कळ तपासत बसलो. या वेळी सोडले ते आवाजामुळे. आवाज ओन्नाचाच होता, पण त्याला दम लागलेला होता. खूप वेळ चढावर काही जड ओढत आणलेल्या माणसाला लागतो तसा. इतकी वर्षे मी तिच्या मागे दोरीवर होतो, आणि ओढणाऱ्याला दम लागत असेल हे मला कधी सुचले नव्हते.

तुझा
गिऑन